गंजाचं वय

"आत्या, या रुळावरून गाडी कधीपासून गेली नाहीये?"

पुतणीने माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटच्या, म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेच्या, कडेवर हनुवटी टेकवली होती. तिच्या नाकासमोरून इंजिन गेलं, मागोमाग मालडबे गेले, पण तिचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. मालधक्क्यामागे एक आखूड साइडिंग, म्हणजे मुख्य मार्गाला फुटलेला बाजूचा रूळ आहे. तिचे रूळ मी नुकतेच माथ्यापासून तळापर्यंत गंजाच्या रंगात रंगवले होते आणि तिने नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं. "खूप वर्षं झाली," मी म्हटलं. "खूप म्हणजे किती?" तेवढ्यात गाडी बोगद्यातून बाहेर आली आणि ती तिकडे पळाली. मी मात्र त्या "किती"पाशी अडकून पडले. माथा तपकिरी असलेला रूळ म्हणजे बंद पडलेला रूळ, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या रुळाचा माथा चकाकतोय आणि याचा चकाकत नाही, एवढ्यावरून तिने ते ओळखलं होतं. पाहणारा इतकं बारकाईने पाहत असेल, तर त्या रंगामागे ठरवलेलं उत्तर हवं. आठवडाभर गाडी गेली नसेल, तर माथ्यावर नारिंगी पापुद्र्याची नुसती झाक येते. दोन वर्षं गेली असतील, तर तो रंग गडद होत बाजूंच्या रंगात मिसळून जातो. पंधरा वर्षं झाली असतील, तर खडीत माती भरते, स्लीपरांची, म्हणजे रुळांखालच्या आडव्या ओंडक्यांची टोकं भुसभुशीत होतात आणि रुळांच्या मधोमध झुडपं उभी राहतात. मी फक्त गंजलेला रूळ रंगवला होता. तो कधी गंजला, हे ठरवलं नव्हतं.

तेव्हापासून मी मॉडेल रेल्वेच्या रुळांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. या छंदात रुळांच्या वाट्याला सगळ्यात कमी प्रेम येतं. इंजिन निवडताना आपण त्याच्या चाकांच्या आऱ्या मोजतो, डब्यांवरचे आकडे भिंगातून तपासतो, आणि रूळ मात्र खोक्यातून काढून जसेच्या तसे ठोकतो. खोक्यातून येतात तेव्हा ते पांढरट, तकतकीत असतात. निकेल-सिल्व्हर, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू. मॉडेलचं इंजिन रुळांतूनच वीज घेतं. पूर्वी पितळेचे रूळ असायचे. पितळेवर ऑक्साइडचा थर चढला की वीज नीट जाईना, म्हणून हा धातू रूढ झाला. चालवायला तो उत्तम आहे, दिसायला मात्र लोखंडाच्या जवळपासही जात नाही. खाली प्लास्टिकचे स्लीपर, सगळे एकाच काळ्या किंवा चॉकलेटी रंगाचे, सगळ्यांवर तीच चमक. खऱ्या रुळांत एकासारखा एक असे दोन स्लीपर शेजारी शोधायला गेलं तर बराच वेळ लागेल.

त्यात मापाची अडचण आहे. 1:87 या प्रमाणात दोन रुळांमधलं 1435 मिलिमीटरचं अंतर 16.5 मिलिमीटरवर येतं, तिथवर सगळं ठीक. पण रुळाची उंची? कोड 100 म्हणतात त्या रुळाची उंची इंचाचा दहावा भाग, म्हणजे 2.54 मिलिमीटर. तिला 87 ने गुणलं तर 22 सेंटिमीटर येतात. जड मालगाड्या वाहणारे खरे रूळसुद्धा बहुतेक 17-18 सेंटिमीटरच्या आसपास असतात. त्याहून बुटका, कोड 83 चा रूळ त्या मानाने बराच जवळ जातो. पण आधीच घट्ट बसवलेला कोड 100 उखडायची हिंमत सगळ्यांना होत नाही, आणि व्हायलाच हवी असंही नाही, कारण इथे रंग मोठी मदत करतो. रुळाच्या बाजू गडद तपकिरी झाल्या की त्या खडीच्या सावलीत मागे सरतात. डोळ्यांना दिसते ती फक्त माथ्यावरची उजेडाची बारीक रेघ, आणि नजर त्या रेघेवरून रुळाची जाडी ठरवते. माप तेच असतं, पण रूळ सडपातळ दिसू लागतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अर्धा रूळ रंगवलेला होता आणि अर्धा कोरा. हे दोन्ही एकाच उंचीचे आहेत, हे मला बोटाने चाचपून पाहावं लागलं.

रंग ठरवायचा तर खरे रूळ बघायला हवेत. मी फलाटाच्या अगदी टोकाला, जिथे प्रवासी सहसा जात नाहीत, तिथे उभी राहून खाली बघत राहते. सुरुवातीला सगळं एकच मळकट पट्टी वाटतं. मग हळूहळू ती पट्टी सुटी होत जाते. फलाटाजवळची खडी लालसर तपकिरी असते, कारण तिथे गाड्या ब्रेक लावतात. ओतीव लोखंडाच्या ब्रेक-ब्लॉकचा भुगा उडून खडीवर आणि रुळांच्या कुशीवर बसतो आणि तिथेच गंजतो. थोडं पुढे गेलं, गाड्या वेग घेऊ लागल्या, की खडी पुन्हा आपल्या करड्या रंगावर येते. सिग्नलच्या अलीकडे, जिथे इंजिनं थांबून राहतात, तिथे दोन रुळांच्या मधोमध तेलाचा काळा, ओशट पट्टा असतो. सांधा म्हणजे गाडी जिथे एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते ती जागा; सांध्यांच्या हलत्या पात्यांखाली सरकपट्ट्या असतात, तिथेही तसाच ओला काळेपणा. वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासू नयेत म्हणून जिथे वंगण सोडतात, तिथे रुळाची आतली बाजू माखलेली असते. यातला एकही डाग उगाच नाही. प्रत्येक डागाला गाडीच्या कुठल्या ना कुठल्या हालचालीचं कारण आहे, आणि कारण कळलं की तो कुठे संपायला हवा तेही कळतं.

स्लीपरांचं तर मला वेडच लागलं. लाकडी स्लीपर नवा असतो तेव्हा क्रिओसोटमुळे जवळजवळ काळा असतो. कोळशाच्या डांबरापासून काढलेलं हे तेल दाबाखाली लाकडात मुरवायचं पेटंट जॉन बेथेल यांनी 1838 मध्ये घेतलं, आणि जगभरातल्या रुळांखालचं लाकूड त्या वासानेच ओळखू येऊ लागलं. उन्हाच्या दिवशी जुन्या रुळांजवळ उभं राहिलं की तो कडवट, धुरकट वास अजूनही येतो. पण तो काळेपणा टिकत नाही. ऊन-पाऊस त्याला वरून धुत जातात. आधी तपकिरी, मग करडा, आणि शेवटी रुपेरीकडे झुकलेला एक राखी रंग येतो, भेगांच्या आत मात्र काळोख शिल्लक राहतो. मग कधीतरी त्यातला एखादा कुजतो, रेल्वेच्या कामगारांची गँग येऊन तो बदलते, आणि राखाडी रांगेत एक कुळकुळीत काळा स्लीपर येऊन बसतो. काँक्रीटच्या स्लीपरांची गोष्ट निराळी. ते फिकट करडे राहतात, पण रूळ धरून ठेवणाऱ्या क्लिपांखालून गंजाचे ओघळ उतरतात.

आता कामाचं सांगते. आधी रूळ पक्के बसवायचे, तारा डाखायच्या, गाडी दोन्ही दिशांनी चालवून बघायची. सगळं सुरळीत चालतंय याची खात्री झाल्यावरच रंगाची बाटली उघडायची. खडी त्यानंतर. सांध्यांची पाती आणि ती ज्या रुळाला टेकतात ती जागा चिकटपट्टीने झाकायची, कारण तिथे रंगाचा थर गेला की वीज अडते आणि मग ते खरवडणं जिवावर येतं. रंगाचा बारीक फवारा मारणारा एअरब्रश जवळजवळ आडवा धरून रुळाच्या दोन्ही बाजूंनी फिरवायचा, म्हणजे रूळ स्लीपरला धरणाऱ्या पकडींच्या खालच्या खाचांतही रंग शिरतो. तोंडावर चांगला मास्क आणि उघडी खिडकी, यांत तडजोड नाही. रंग म्हणाल तर बर्न्ट अंबर या गडद तपकिरीमध्ये थोडा काळा, थोडा करडा; निव्वळ काळा कधीच नाही, कारण निव्वळ काळं असं रुळांवर काही नसतं. एअरब्रश नसेल तर बारीक ब्रशनेही होतं, वेळ जास्त लागतो एवढंच. मला ते जास्त आवडतं. एकेका पकडीपाशी हात थांबतो, रुळाच्या दोन तुकड्यांच्या जोडापाशी फिशप्लेट, म्हणजे त्यांना जोडणारी पट्टी असायला हवी हे लक्षात येतं, तिथे रंग किंचित गडद करावासा वाटतो.

यानंतरचा क्षण मला सगळ्यात प्रिय आहे. रंग पुरता सुकायच्या आत, लाकडाच्या सपाट ठोकळ्याला सुती कापड गुंडाळून ते रुळाच्या माथ्यावरून ओढायचं. कापड आधी जरा अडतं, चिकटतं, मग सरकतं आणि त्याच्या मागे उजेडाची रेघ उमटत जाते. आत्तापर्यंत सगळं एकजात तपकिरी असतं, आणि त्या एका ओढीत त्याचा रूळ होतो. माथ्याबरोबर आतली वरची कडही पुसायची, जिथे चाकाची कड लागते. काही जण रंगाआधी माथ्यावर तेलाचं पुसट बोट फिरवतात, म्हणजे रंग तिथे धरतच नाही. मला पुसायलाच आवडतं.

स्लीपरांना आधी बारीक सँडपेपर लांबीच्या दिशेने घासायचा. प्लास्टिकवर धूसर रेषा उठतात, चमक मरते. त्यावर राखाडी-तपकिरीचा हात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काळ्या शाईचे थोडे थेंब टाकून ते पाणी सोडायचं. ते रेषांत जाऊन बसतं आणि तीन सेंटिमीटरच्या त्या पट्टीत लाकूड दिसू लागतं. शेवटी ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट करडा रंग नुसता वरवर फिरवायचा. काही स्लीपर जास्त फिके, काही जास्त काळे करायचे, आणि इथे हात दगा देतो. कितीही ठरवलं तरी हात क्रम लावतोच. दर तिसरा, दर चौथा. म्हणून मी एका खऱ्या रुळाचा फोटो समोर ठेवते आणि त्यातले स्लीपर एकामागून एक जसेच्या तसे उतरवते. त्या फोटोत तीन काळे सलग आहेत, मग बराच वेळ एकही नाही. माझ्या मनाने मी असं कधीच केलं नसतं. पण ते तीन कुणीतरी एकाच दिवशी बदलले असणार, आणि ते बघणाऱ्याला जाणवतं.

खडी पसरल्यावर ती भिजवण्यासाठी आधी अल्कोहोलचा फवारा, मग पांढरा गोंद निम्म्या पाण्यात पातळ करून थेंबाथेंबाने. गोंद सुकायला रात्र जाते. मग रंगाच्या भुकट्या: रुळांलगत तपकिरी, इंजिन थांबतं तिथे काळी. त्यावर मॅट वार्निशचा फवारा मारला की निम्मी भुकटी दिसेनाशी होते, हे धरून चालायचं आणि पुन्हा एक हात द्यायचा. ती सुटी ठेवली तर इंजिनाच्या गिअरमध्ये जाते.

आणि किती करायचं, कुठे थांबायचं?

यावर माझं मत जरा ठाम आहे. गंज म्हटलं की बरेच जण नारिंगी उचलतात. तो फोटोत उठून दिसतो, बघणारा लगेच "वा" म्हणतो. पण नारिंगी हा गंजाचा बालपणीचा रंग आहे. कारखान्यातून आलेल्या रुळावर निळसर-काळी खपली असते. पावसाने ती सुटत गेली की नारिंगी उमटतो. पुढे तो विटकरी, मग गडद तपकिरी होतो, त्यावर धूळ आणि ब्रेकचा भुगा बसतो. ज्या मार्गावरून रोज गाड्या धावतात, त्याची देखभाल होते आणि त्याचे रंग शांत असतात. शिवाय अंतराचा हिशेब आहेच. लेआउटपासून एक मीटरवर उभी राहते तेव्हा मी त्या जगात 87 मीटर लांब उभी असते. तेवढ्यावरून खऱ्या रुळाच्या क्लिपेवरचा गंज दिसत नाही, सगळे रंग हवेत विरून फिके होतात. म्हणून खऱ्या रुळाशी तंतोतंत जुळवलेला रंग मॉडेलवर हमखास जास्त काळा दिसतो. मी तो नेहमी एक पायरी फिका करते, आणि रंगवतेही लेआउटच्याच दिव्याखाली. पिवळ्या उजेडात जमलेला तपकिरी पांढऱ्या उजेडात जांभळट निघतो.

मॉडेलवर अशी धूळ-काजळी आणण्याला कलेचा दर्जा मिळवून देणाऱ्यांत जॉन अॅलन यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. व्यवसायाने ते छायाचित्रकार. कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या घरात त्यांनी 'गोरी अँड डिफीटेड' हा लेआउट वर्षानुवर्षं उभा केला. नव्याकोऱ्या, चकचकीत मॉडेलांच्या त्या काळात त्यांच्या इमारतींचे पोपडे निघालेले असायचे, इंजिनांवर काजळी असायची. उजेड वस्तूवर कसा पडतो हे ज्याला रोज बघावं लागतं, त्यालाच हे सुचलं असावं असं मला वाटतं. जानेवारी 1973 मध्ये ते गेले आणि काही दिवसांतच आगीत तो लेआउट जवळजवळ सगळा नष्ट झाला. उरले ते फोटो. ते पाहताना मला दरवेळी अस्वस्थ व्हायला होतं. पन्नास-साठ वर्षांचं वार्धक्य त्या माणसाने ब्रशने एकेका फळीवर चढवलं होतं, आणि ते सगळं प्रत्यक्षात म्हातारं व्हायच्या आतच संपलं.

स्वतः रंगवतानाही ती अस्वस्थता येते. खऱ्या रुळाला जे वय मिळवायला पाव शतक लागतं, ते मी दुपारी सुरू करून रात्रीपर्यंत देते. त्यानंतर तिथे काहीच घडत नाही. माझा गंज पुढे सरकत नाही, स्लीपर आणखी कुजत नाहीत, तेलाचा डाग पसरत नाही. या सगळ्यात खरोखर काळासोबत चालते ती एकच गोष्ट, आणि ती मी रंगवलेलीच नाही: माथ्यावरची चकाकी. काही आठवडे गाड्या फिरवल्या नाहीत की तिच्यावर काळपट थर धरतो, इंजिन अडखळतं, डब्यांतले दिवे लुकलुकतात. माथा पुसून रोज गाड्या धावू लागल्या की ती बरीच टिकून राहते. खऱ्या रेल्वेत तरी वेगळं काय आहे? विल्यम रॉबिन्सन यांनी 1872 मध्ये रुळांतूनच वीज खेळवून गाडी कुठे आहे हे ओळखायची पद्धत आणली, ट्रॅक सर्किट. तिथेही चाक आणि रूळ यांच्यामध्ये गंज आला की वीज जात नाही आणि उभी असलेली गाडी यंत्रणेला दिसत नाही. म्हणजे वापर आणि चकाकी यांचं नातं लहान-मोठ्या दोन्ही रुळांवर अगदी तेच आहे. माझ्या खोलीत बाकी सगळं रंगाने केलेलं आहे. हे एवढंच गाड्यांनी केलेलं.

म्हणूनच त्या साइडिंगच्या माथ्यावर रंग ठेवताना हात जड झाला होता. तो रंग दिला की तिथे वीज नाही, वीज नाही म्हणजे इंजिन कधीच नाही. आता मी तिचं वय ठरवलंय: आठ वर्षं. मालधक्क्याचा माल ट्रकांनी जायला लागला आणि डबे येणं थांबलं. आठ वर्षं ठरल्यावर बाकीचं आपोआप ठरत गेलं. माथ्याचा आणि बाजूंचा तपकिरी एकमेकांत मिसळलेला, पण बाजू अजून किंचित काळ्या, कारण तिथे जुनं ओशट शिल्लक आहे. स्लीपर राखाडी, एकही नवा काळा नाही. बंद मार्गावर कोण स्लीपर बदलणार? खडीत माती, गवत, पण झुडपं अजून नाहीत. आणि सांध्याजवळचा थोडासा तुकडा मी पुन्हा घासून चकाकता केला. शंटिंग करणारं, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवणारं इंजिन मुख्य मार्गावरून येऊन सांधा ओलांडतं आणि परत फिरण्यापुरतं आत येतं. तेवढ्या भागावर चाकं अजून फिरतात. चकाकी तिथे एकदम तुटत नाही, डागाडागांनी विरत जाते. आठ वर्षांच्या उत्तराहूनही मला तो विरणारा तुकडा जास्त खरा वाटतो.

सध्या मी मुख्य मार्गावर एका जागी काम करतेय. लांब वेल्डेड रूळ येण्याआधी अमेरिकेत 39 फुटांचा रूळ सर्रास असे, कारण तो 40 फुटी मालडब्यात मावत असे. 1:87 मध्ये त्याची लांबी पावणेचौदा सेंटिमीटरच्या आसपास येते. तेवढ्या अंतरावर मी करवतीने माथ्यावर अगदी उथळ खुणा केल्या आहेत, बाजूला फिशप्लेटा चिकटवल्या आहेत. यातला एक रूळ नुकताच बदललाय असं ठरवलं आहे: त्याखालचे दोन स्लीपरही नवे, काळे, आजूबाजूची खडी उकरून परत भरलेली, त्यामुळे बाकीच्यापेक्षा स्वच्छ, आणि काढलेला जुना रूळ न्यायला कुणी आलेलं नाही म्हणून तो मार्गाच्या कडेला आडवा पडलेला. बाकी सगळीकडे टाळलेला नारिंगी इथे हवा आहे. या एका रुळाच्या कुशीवर, दोन फिशप्लेटांच्या मधल्या भागात, खालची निळसर खपली अधूनमधून दिसेल इतका पातळ.